लक्ष्य क्रमांक एकतीसबाबत हरकत

दत्तात्रेय शेट्ये यांनी मंगळवारी दुपारी पावणेपाच वाजता गेम संपवला आणि संगणक रीतसर बंद करण्याच्या भानगडीत न पडता भिंतीतली पिनच उपटली. हेमाताई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांना वाटलं, वीज गेली. २००४ सालच्या रत्नागिरीत वीज जाणं ही काही बाहेर येऊन चौकशी करण्यासारखी गोष्ट नव्हती. पण मग खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला, कपाटाचं दार आपटलं, आणि पाठोपाठ यजमान दारात येऊन उभे राहिले. कानशिलं लालबुंद आणि हातात मोजणीची वही.

"माझं नाव घातलंय त्यानं खाली," ते बोलले. "मारला त्यांनी, आणि खाली नाव माझं."

पस्तीस वर्षांच्या संसारात हेमाताई एवढं शिकल्या होत्या की असं वाक्य कानावर आलं की आधी चहा द्यायचा आणि मग विचारायचं. त्यांनी चहा दिला. तो निवून गेला, त्याच्यावर साय धरली, तरी यजमानांचं तोंड काही थांबलं नाही.

आता हा राग कशाचा हे समजायला माणूस ठाऊक हवा. दत्तात्रेय भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं मोजणीदार होते. मूळ गाव देवरूखजवळचं, घर रत्नागिरीच्या नाचणे भागात, आणि नोकरी जिल्हाभर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. एप्रिलच्या उन्हात त्याच्यावर साखळी ओढत चालायचं तर चपलेचा तळ पातळ होऊन पायाला चटका बसतो. असे चटके खाऊन त्यांनी अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी मोजल्या. स्वभावाने भडक. खात्यात लोक त्यांना वचकून असत ते अधिकारामुळे नव्हे, अधिकार त्यांना कधी फारसा नव्हताच, जिभेमुळे. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात मांडवाचा खांब शेजाऱ्याच्या जागेत दोन फूट गेलाय म्हणून त्यांनी मुहूर्ताला वीस मिनिटं असताना तो काढायला लावला होता. सासुरवाडीची मंडळी अजून त्या खांबाचं नाव काढतात.

पण या माणसाने एक गोष्ट आयुष्यभर सांभाळली. जी हद्द आपण स्वतःच्या पायांनी चाललो नाही, तिच्या नकाशाखाली सही करायची नाही. साहेब रागावो, पुढारी येवो, घरात पाव्हणे खोळंबून असोत, दत्तात्रेय जागेवर जात, चालत, मोजत आणि मगच सही करत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं त्यातही हेच एक वाक्य खरं होतं. बाकीचं भाषण सगळ्या निवृत्तांना सारखंच होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा अनिश, वय एकोणतीस, मुंबईत अंधेरीला एका छोट्या कंपनीत. ही कंपनी परदेशातल्या मोठ्या कंपनीसाठी संगणकावरचे खेळ बनवून द्यायची. नातेवाइकांत दत्तात्रेय "तो कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत. मुलगा खेळ बनवतो हे सांगायला त्यांना जड जाई आणि मुलाला ते कळत असे. दिवाळीला अनिश आला तो आपला जुना संगणक घेऊनच. सोबत एक सीडी. वर निळ्या पेनाने नुसतं 'बिल्ड १४' लिहिलेलं, कारण खेळाचं नाव अजून ठरायचं होतं. तो बोलला, बाबा, चाचणीसाठी अकरा जणांना दिलाय, तुम्ही बारावे; शेवटपर्यंत खेळा आणि काय वाटलं ते लिहून द्या. एवढंच सांगून त्याने डोळ्याला डोळा न भिडवता दुसरा विषय काढला.

पहिला आठवडा हसण्यात गेला. हा खेळ असा की आपल्याला आपलं तोंड दिसत नाही, फक्त हातातली बंदूक दिसते आणि पुढचा रस्ता. दत्तात्रेय सारखे भिंतीत घुसत, नाहीतर आभाळाकडे बघत चालत. हेमाताई मागून विचारत, आज कुठवर पोचलात, दाराशी की छपराला? पण दुसऱ्या आठवड्यात त्यांना एक शोध लागला. बटण एकदा दाबलं की एक पाऊल पडतं आणि सगळी पावलं सारखीच असतात. झालं! ज्या माणसाला पाऊल सारखं मिळालं, त्याला मोजणी मिळाली. त्यांनी ग्राफचे कागद आणले, जुनी पेटी उघडली, पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या परक्या ग्रहाची मोजणी सुरू केली.

रोज दुपारची झोप झाली की तीन ते पाच. एका हाताने खेळ, दुसऱ्या हाताने नोंद. पहिल्या खाणीचा नकाशा चार कागदांवर बसला. दुसऱ्या ठाण्याला त्यांनी चूक पकडली: चार बाजू चालून गेलं की मूळ जागी यायला हवं, तर नऊ पावलांचा फरक पडत होता. म्हणजे बनवणाऱ्यांनी बाहेरून इमारत एवढी दाखवली होती आणि आत शिरलं की ती मोठी होत होती. दत्तात्रेयांनी अनिशला फोन लावून याचा जाब विचारला. अनिशने कंपनीत चौकशी केली आणि मान्य केलं. त्या दिवशी बाप इतका खूश होता की हेमाताईंनी न मागता भजी तळली.

खेळाची गोष्ट थोडक्यात अशी. तांबड्या मातीचा एक लांबचा ग्रह, तिथे एक कंपनी खनिज काढते, आणि आपण त्या कंपनीचे शिपाई. तोंडावर मुखवटा, हातात बंदूक. समोर येईल त्याला मारायचं, ठाणं घ्यायचं, पुढे जायचं. दत्तात्रेयांना हा शिपाई पहिल्या दिवसापासून आवडला नाही. वहीत त्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं: "सदर इसम कोणाच्याही जागेत शिरताना उतारा पाहत नाही. लगतच्या कब्जेदारांना नोटीस नाही. पंच नाहीत. नुसता घुसतो." तरी यंत्रं आणि किडे मारण्याला त्यांची हरकत नव्हती. यंत्राला मारलं काय, बंद केलं काय, सारखंच. किड्यांनी आधी अंगावर यायचं कारण नव्हतं.

पाचव्या ठाण्याशी आले आणि हात थांबला.

इथे खाणीची जमीन संपत होती. समोर एक ओबडधोबड दगड उभा, पलीकडे मोकळा सडा, आणि त्या दगडाच्या रेषेत एक जण येरझाऱ्या घालत होता. दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल तेवढा उंच. हातात काठी. चालताना एक पाय किंचित घासत होता आणि काठी मात्र दर तिसऱ्या पावलाला जमिनीवर पडत होती. कोपऱ्यात इंग्रजीत अक्षरं उमटली: लक्ष्य क्रमांक एकतीस, नष्ट करा. लाल बाण त्याच्या डोक्यावर नाचायला लागला.

दत्तात्रेय पडद्याजवळ सरकले. त्यांनी हाक मारली, "हेमा, इकडे ये. हा बघ कोण आहे."

हेमाताईंनी पदराला हात पुसत पडद्यात डोकावून पाहिलं आणि चटकन बोलल्या, "राखणदार."

कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गावाच्या शिवेवर राखणदार असतो, तो हद्द फिरतो, त्याच्या काठीचा आणि वहाणांचा आवाज जुन्या लोकांनी ऐकलेला असतो. आपण नीट असलो तर तो नीट असतो. शिवेवरून जाताना थांबायचं, हात मोकळे ठेवायचे, आपण कोण, कुणाचे, कुठे चाललो ते सांगायचं आणि वाट द्यायची. वर्षातून एकदा नारळ, विडीकाडी आणि नवीन वहाणा ठेवायच्या. देवरूखकडच्या त्यांच्या गावी धाकू गुरव हे गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराची विनवणी, घालायचा, आणि लहानपणी दर वर्षी नवीन वहाणांचा जोड उराशी धरून शिवेपर्यंत नेण्याचं काम अनिशचं असायचं. मोजणीलासुद्धा दत्तात्रेय शिवेच्या दगडाला नारळ ठेवल्याशिवाय साखळी सोडत नसत. देवभोळे नव्हते. पण आपल्याआधी जो हद्द सांभाळतोय त्याला विचारावं, ही त्यांची रीत होती.

म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे केलं. बंदूक खाली करायचं एक बटण होतं, जे तोवर कधी लागलं नव्हतं. ते दाबलं. बाजूला होऊन उभे राहिले आणि संगणकाला, खरोखर तोंडाने, आपलं नाव आणि गाव सांगितलं. तो उंच गडी चालत जवळ आला. थांबला. काठी एकदा आपटली आणि वाट सोडून बाजूला झाला.

दत्तात्रेय सव्वा मिनिट खुर्चीत बसून राहिले. मग पुढे गेले. पलीकडची दोन ठाणी त्यांनी आठ दिवसांत संपवली, आणि त्या आठ दिवसांत त्यांचा मूड असा होता की वर्तमानपत्रवाल्याने अंक भिजवून टाकला तरी ते त्याला काही बोलले नाहीत. पोराने काय केलंय बघ, असं ते जेवताना दोनदा बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पोराचं काम लोकांना सांगावंसं वाटलं.

आणि मंगळवारी खेळ संपला. शेवटी एक छोटा सिनेमा सुरू झाला, ज्यात आपल्याला काही करता येत नाही, फक्त बघायचं. तो मुखवटेवाला शिपाई, म्हणजे आठ दिवसांपूर्वी बंदूक खाली करून उभे राहिलेले दत्तात्रेयच, पाचव्या ठाण्याच्या दगडाशी उभा होता. त्याच्या पायाखाली राखणदार पडलेला. शिपायाने त्याच्या छातीवर बूट ठेवला, त्याची काठी गुडघ्यावर मोडली आणि दोन तुकडे दोन दिशांना भिरकावले. मागून यंत्रं आली आणि त्यांनी तो दगड चिरडून हद्द ओलांडली. वाद्यं वाजली. काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली, शंभरएक परकी नावं, मग काही आपल्याकडची, अनिशचं, आणि सगळ्यात शेवटी: विशेष आभार, दत्तात्रेय शेट्ये, रत्नागिरी.

तेव्हा त्यांनी पिन उपटली.

संध्याकाळी अनिशला फोन लावला तर तो कुठल्याशा बैठकीत. दुसऱ्या दिवशी लागला. दत्तात्रेयांनी एकच प्रश्न विचारला, कुणी मारला त्याला? अनिश म्हणाला, रविवारी येतो, समोर बोलू. मधले चार दिवस दत्तात्रेय अभिप्राय लिहीत होते. पोराने मागितला होता ना, घे म्हणावं! सतरा पानं झाली. पहिल्या पंधरा पानांत मापं, चुका, दुरुस्त्या, सगळं नकाशांसकट. सोळाव्या पानापासून अक्षर मोठं झालं होतं आणि पेन कागदातून आरपार गेलं होतं. "मी सदर इसमास मारलेले नाही. मी त्यास हात लावलेला नाही. त्याने मला वाट दिली व मी त्यास. असे असता माझ्या हातून त्याचा मृत्यू दाखवणे हे धादांत खोटे असून त्याखाली माझे नाव टाकणे हा निव्वळ नालायकपणा आहे."

अनिश रविवारी सकाळच्या गाडीने उतरला. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा उतरलेला. हेमाताईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, कारण बापलेकांनी भांडायचंच असेल तर भरल्या पोटी भांडावं असं त्यांचं मत. जेवण झालं. हात धुऊन अनिशने ती सतरा पानं ओटीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि मग सांगायला लागला.

तो चालणारा राखणदार त्याचाच. पाय घासणं त्याचं, काठीचा तिसरा ठोका त्याचा, बंदूक खाली केली की वाट सोडणंही त्याचंच. हे त्याने वरच्यांना न विचारता आत घातलं होतं. अकरा जणांनी खेळ तपासला. अकराही जणांनी त्याला दिसताक्षणी गोळ्या घातल्या. तो वाट देतो हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नाही. कळेल असा एकच माणूस अनिशला माहीत होता, म्हणून त्याने बारावी सीडी घरी आणली. शेवटचा सिनेमा मात्र परदेशातून तयार होऊन आला होता. कुणी कसंही खेळो, शेवट सगळ्यांना तोच. आणि आभारात बापाचं नाव त्याने घातलं ते राखणदार बनवला तेव्हाच, सिनेमा यायच्या आधी.

दुसरा कुणी बाप असता तर इथे विरघळला असता. दत्तात्रेय आणखी भडकले.

"म्हणजे तुला ठाऊक हाय तो कोण ते," ते बोलले. राग चढला की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली येई. "त्या परदेशातल्या माणसाला नसेल ठाऊक, त्याच्यावर माझा राग नाय. तू वहाणा घेऊन गेलायस त्याच्याकडे. आणि तू बघत बसलास?"

अनिश म्हणाला, त्याच्या हातात नव्हतं.

दत्तात्रेयांनी समोरचा नकाशा ओढला आणि त्यावर बोट आपटत त्याला मोजणी शिकवली. नकाशावर रेघा दोन असतात. कागदोपत्री हद्द ती सलग, आणि प्रत्यक्षात ज्याची वहिवाट आहे ती तुटक. कागद एक सांगतो आणि जागेवर दुसरंच असतं, तर मोजणीदार दोन्ही दाखवतो. एक पुसून दुसरी काढत नाही. ज्यांनी मारला त्यांना मारलेला दाखवा. ज्याने मारला नाही त्याला जिवंत दाखवा. एवढंसं कळत नसेल तर वाट ठेवलीत कशाला माणसाला हात खाली करायची?

"बाबा, तीन आठवड्यांत खेळ बाजारात जातोय. सिनेमा बदलणार नाही. नाव काढता येईल. दहा मिनिटांचं काम आहे, उद्या गेल्या गेल्या काढतो."

"काढ," दत्तात्रेय बोलले. "नाव काढ माझं. खोट्याखाली माझं नाव राहता कामा नये."

आणि मग, जिंकल्यासारखे ताठ बसून, त्यांनी पावसची गोष्ट काढली. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. शहाऐंशी साली पावसला सावित्रीबाई म्हणून एका विधवेच्या आंब्याच्या कलमांच्या बागेची मोजणी होती. शेजारी वजनदार. साहेबांनी सांगितलं, रेघ आठ फूट अलीकडे घ्या. दत्तात्रेयांनी सही केली नाही. साहेबांच्या टेबलावर पेन ठेवलं आणि उठले. महिन्याभरात गुहागरला बदली झाली. गेले, पण सही केली नाही. गोष्ट दर वेळी इथे संपायची आणि ऐकणारा मान डोलवायचा.

अनिशने मान डोलवली नाही. तो इतका थकला होता की त्याच्या आवाजात रागही नव्हता.

"मग मोजणी थांबली?"

"म्हणजे?"

"तुम्ही सही केली नाहीत. मग ती रेघ सरकली की नाही सरकली?"

दत्तात्रेयांनी समोरचा नकाशा गुंडाळायला घेतला. सरकली होती. त्यांच्या जागी दुसरा मोजणीदार गेला, आठवड्यात सही झाली, सावित्रीबाईची सतरा कलमं पलीकडे गेली. हे त्यांनी गुहागरला असताना कानांवर आलं तसं ऐकलं होतं आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते उसळून काही बोलणार, तोच आतून हेमाताई आल्या. त्या ओटीवरच्या भांडणात सहसा पडत नसत.

"ती आली होती आपल्याकडे," त्या बोलल्या. "सावित्रीबाई. तुम्ही सामान बांधत होतात त्या दिवशी. तिला विचारायचं होतं, आता पुढं काय करू. तुम्ही तिला बोललात, मी सही केलेली नाय, माझं काम झालं. मी तिला चहा दिला. तो तिनं घेतला नाय."

दत्तात्रेयांना तो दिवस आठवला, पण त्यातली ती बाई आठवेना. आठवत होता तो फक्त आपला राग. किती सुंदर होता तो राग, अठरा वर्षं पुरला. आणि त्या बाईला एवढंच सांगायचं होतं की मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, निमताना म्हणतात तिला. तुझ्या नावाने अर्ज करावा लागतो, ये, बस, मी लिहून देतो. पंधरा मिनिटांचं काम. जिल्ह्यात त्यांच्याएवढा नेमका अर्ज कुणाला लिहिता येत नव्हता. पण त्यांचं काम झालं होतं.

ते स्वतःवरच संतापले. पेटीतून कोरा कागद काढायला त्यांना दोनदा झाकण उघडावं लागलं.

"नाव काढू नको," ते बोलले.

अनिशला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काढू नको. ज्याचं नाव उताऱ्यावर नाय त्याला नोटीस येत नाय. त्याला हरकत घेता येत नाय. नाव काढलंस की मी कोण? कुठलातरी म्हातारा. नाव राहू दे, मी हरकत घेतो."

त्यांनी लिहायला घेतलं. मराठीत नव्हे; खात्यात शिकलेल्या, ताठ कण्याच्या इंग्रजीत, कारण अर्ज तिकडे परदेशात जायचा होता. मी, खाली सही करणारा, आपल्या खेळात ज्याचे आभार मानले आहेत तो इसम, अशी हरकत घेतो की… अनिश शेजारी बसून बघत होता. अर्ध्यावर आल्यावर तो हळूच म्हणाला, "हे मी साहेबांच्या हातात दिलं तर, बाबा, ते विचारतील की वाट देण्याचा भाग आत आला कसा. मला काढतीलही."

दत्तात्रेयांनी पेन उचललं. मुलाकडे पाहिलं. आपली नुसती बदली झाली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मग पोस्टाने पाठवतो, थेट तिकडे," ते बोलले. "तुझं नाव नाय घेत. वाट मला आपोआप सापडली असं लिहितो."

त्यांनी तसं लिहिलंही. मग अनिशने कागद आपल्याकडे ओढला, 'सापडली' या शब्दाला रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं, 'ठेवलेली होती. ठेवणारा, अनिश शेट्ये.' हेमाताई भिंतीला टेकून बघत होत्या.

"काय होईल याचं?" अनिशने विचारलं.

"काही नाय होणार. फेटाळतील," दत्तात्रेय म्हणाले. त्यांचा आवाज अजून रागाने घोगरा होता. "मग त्याच्यावर अपील करायचं."

त्यांनी कागद पुन्हा वाचला, तारीख घातली आणि सही केली. हरणार हे आधीपासून ठाऊक असलेल्या कागदावर त्यांनी केलेली ती पहिली सही.